मधला धुरा

बाई, तुझा शेवटचा प्रश्न होता, "पानी सोडलं का रे, पुर्शा?" आणि मी म्हणालो, "पाहू."

पाणी सोडून तेव्हा चार दिवस झाले होते. सगळ्यात खालच्या रेवनाथची शेवटची बांधी भरली होती. माना टाकायच्या बेतात असलेल्या त्याच्या धानाच्या लोंब्या सावरल्या होत्या. आणि ज्या धुऱ्यावरून ते पाणी गेलं तो बांध माझाच होता, मीच कुदळीनं फोडलेला. तरी मी म्हणालो, पाहू. तू चिडली नाहीस. "पाह्य मंग," म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझी तेरवी होऊन आज आठ दिवस झाले. ते 'पाहू' मी अजून मागे घेतलेलं नाही. आता बोलून काही होणार नाही. बोलायच्या हौसेनंच तर घात केला आहे. म्हणून लिहितो.

मी एसटीतला कंडक्टर, आणि नोकरीच्याही आधीपासून घरातला गोष्टी सांगणारा. लग्न असो, बारसं असो, चार माणसं बसली की कुणीतरी म्हणतं, पुर्शाभाऊ, ते सांगा. कुणी म्हणालं नाही तर मी स्वतःच खाकरतो. या गोष्टींमध्ये बहिणीची, म्हणजे तुझी, नोकरी हा हमखास हशाचा भाग होता. तू पहिल्यांदा घरी सांगितलंस की पुण्याच्या ऑफिसात पेटंट पूलचं काम करते. बाबांनी गावभर सांगितलं, लेक पूल बांधते. वैनगंगेवरून जाताना ते बसच्या खिडकीतून वाकून बघायचे, कुठे तुझं नाव कोरलेलं दिसतं का. मी जरा शिकलेला, म्हणून माझा विनोद जरा वरचा. मी सांगायचो, आमची बाई दुसऱ्यांच्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसते आणि टोल गोळा करते. लोक हसायचे. तूही हसायचीस. तुला लागत होतं का, हे मी एकदाही विचारलं नाही.

एकदाच तू मला धरून समजावलंस. तुझ्या वहिनीच्या, मंदाच्या भावानं भद्रावतीहून लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवला होता. त्याचा फोन एका कंपनीचा, आपल्या मंदाचा दुसऱ्याच. तू विचारलंस, "तिकडचा व्हिडिओ इकडे कसा उघडला? काऊन उघडला?" मी म्हणालो, पैसे भरले म्हणून. तू कपाळाला हात लावलास.

मग सांगितलंस. चित्र एवढंसं करून पाठवायचं तर त्याची घडी घालावी लागते. घडी कशी घालायची आणि कशी उलगडायची ही रीत साऱ्या जगानं मिळून एकच ठरवली, म्हणून एकानं घातलेली घडी दुसऱ्याला उलगडता येते. पण त्या एका रीतीत शोध मात्र पुष्कळांचे. एक बारीक तोड एका कंपनीची, दुसरी दुसऱ्या देशातल्या कुणाची, तिसरी कुठल्या कॉलेजातल्या मास्तराची. प्रत्येकाचं पेटंट वेगळं. फोन बनवणाऱ्यानं एकेकाचं दार ठोठावत बसायचं म्हटलं तर फोन बनायच्या आधी म्हातारा होईल. शिवाय शेवटचा मालक अडून बसला की आधी मिळवलेल्या साऱ्या परवानग्या फुकट.

"मंग काय करते?" मी विचारलं.

"तू आरमोरीहून चंद्रपूरचं तिकीट देतं ना? रस्त्यात किती गावायच्या शिवा लागते? परत्येक शिवेवर उतरून पाशिंजरले नवं तिकीट घ्याले लावतं का तू?"

म्हणजे मालकांनी आपापली पेटंटं एका गाठोड्यात ठेवायची, तोच तुझा पूल. मागणाऱ्यानं एकाच खिडकीशी जायचं, एकच कागद करायचा. दर आधी जाहीर, आणि तोच सगळ्यांना. जे मिळेल ते आत मालकांनी ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचं. मी म्हणालो, म्हणजे बाई, तूही कंडक्टरच की. तू म्हणालीस, "होय. फक्त मी मधी उतरून चहा पेत नाई."

तुझं नेमकं काम मला फार उशिरा कळलं. सुट्टीत घरी आलीस तरी कागदांचा गठ्ठा बरोबर असायचा. गाठोड्यात शिरायला आलेलं प्रत्येक पेटंट वाचायचं आणि बघायचं, हे खरंच त्या रीतीच्या वाटेत येतं, की वाटेच्या कडेला उभं राहून नुसतंच हात दाखवतं. मंदा तांदूळ निवडायची आणि तू शेजारी बसून पेटंटं निवडायचीस. खडे दोघींनाही सारखेच सापडायचे.

आणि मग तू ते बोललीस, जे मी गोष्टीत कधी घातलं नाही, कारण त्यात हशा नव्हता. "हे मी पुण्याले नाई शिकली, पुर्शा. डोमाजीकाकाजवळ शिकली."

आपल्या तलावाचं पाणी सोडायचे ते डोमाजीकाका. तुझ्या पुण्याच्या लोकांना कसं सांगणार, की आमच्या बांध्या, म्हणजे त्यांच्या भाषेतली धानाची खाचरं, पायऱ्यांसारख्या एकीखाली एक असतात आणि पाणी एका बांधीतून दुसरीत असंच उतरतं. सगळ्यात खालच्याला पाणी हवं तर वरच्या साती जणांचे धुरे फुटले पाहिजेत. पण खालच्यानं साती दारी जायची रीतच नव्हती. सातांनी आपापला हक्क काकांच्या हाती दिलेला. मागायचं फक्त काकांना. काका कुदळ घेऊन निघायचे, ज्याचा फोडायचा त्याचा धुरा फोडायचे आणि पाणी पोचलं की पुन्हा लिंपून यायचे. बदल्यात उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून पाट उपसायचा आणि ज्याचा धुरा जास्त झिजला त्याला तिथला गाळ. लहानपणी तू त्यांच्या मागेमागे फिरायचीस आणि मी घरी बसून, तू काय काय पाहिलंस ते तुझ्या आधी आईला सांगायचो.

काका गेले आणि त्यांच्या जागी कुणी बसलं नाही. सातांच्या हातात सात कुदळी आल्या. मधला धुरा माझा. तो मी बंद केला. माझ्या खालच्या बाकीच्यांनी विहिरीवर भागवलं, शेवटच्या रेवनाथला विहीर नव्हती.

गावाला मी सांगितलं की पाण्यानं धुरा फुटतो. खरं कारण तुला माहीत होतं, कारण त्या लग्नाच्या मांडवात तू माझ्या शेजारीच बसली होतीस. मी आपली वाघाची गोष्ट सांगत होतो. ती आता माझ्याइतकीच गाजलेली आहे: सायकलवर मी, मागे कॅरियरवर तू, जंगलातल्या वळणावर झुडपात पिवळं अंग, आणि मी सायकल आडवी घालून तुझ्यापुढे उभा. वाघ बघतो, मी बघतो. इथे मी नेहमी थांबतो आणि पाणी पितो. त्या दिवशी मी पाणी पीत असताना रेवनाथ म्हणाला, अगदी साधेपणानं, मठ्ठ्याचा पेला हातात धरून, "वासरू होतं भाऊ ते. आमचंच. मी वळनापल्याड गुरं वळवत होतो, मंग झुडपातून मीच काढलं त्याले." मांडव असा हसला की माझ्या गोष्टीला इतक्या वर्षांत कधी हसला नव्हता. मी तुझ्याकडे पाहिलं. तू शांतपणे म्हणालीस, "असन वाघच. अंधार होता." रेवनाथनं मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला. पण हसलेली माणसं हसलेलीच राहिली, आणि पुढच्या हंगामात माझा धुरा उघडला नाही.

एवढ्यासाठी, बाई. लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण एवढ्यासाठीच.

यंदा उन्हाळ्यात तू आलीस तेव्हा आपलं भांडण झालं. रेवनाथच्या खालच्या दोन बांध्या सलग दोन वर्षं भरल्या नव्हत्या, हे मंदानं तुला सांगितलं. तू धुऱ्यावर जाऊन आलीस, चपला हातात घेऊन, आणि ओसरीवर बसून म्हणालीस, "धुऱ्याले काईच झालं नाई पुर्शा. झालं ते तुले झालं."

मी तुझ्या नोकरीवर घसरलो. म्हणालो, तुमचे मालक सारे एका खाटेवर बसतात, म्हणजे मागणाऱ्याचं मरणच की. सगळे मिळून भाव ठरवतील, तो कुठे जाणार? मला वाटलं होतं तू खवळशील. तू उलट पाय वर घेऊन नीट बसलीस आणि म्हणालीस की मी जन्मात बोललेलं हे पहिलं कामाचं वाक्य. धोका आहे तो तिथेच आहे. म्हणून एकाला दुसरा लागतोच अशीच पेटंटं एकत्र बांधायची. "एकाच बांधीत पानी नेनारे दोन पाट असन, तं ते दोन्ही एका गाठोड्यात नाई टाकाचे. मांगनाऱ्याले निवड राह्यली पायजे." आणि ज्याला खिडकीशी यायचं नसेल त्याला मालकाकडे थेट जायची वाटही मोकळी ठेवायची.

मी जिंकत आलो असं वाटून पुढे विचारलं, आणि जे मालक गाठोड्यात येतच नाहीत त्यांचं काय?

तू म्हणालीस, काही राहतात असे. मधेच उभे राहतात. काही जण स्वतःचं वेगळं गाठोडं बांधतात, आणि मग एकाच रस्त्याला तीन-तीन खिडक्या होतात आणि जो घोळ मिटवायला निघालो तोच नव्यानं सुरू होतो. कुणाला ओढून आणता येत नाही. हे बोलताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर मला भांडता तरी आलं असतं.

ते भांडण तिथेच राहिलं. मी म्हणालो, माझा धुरा आहे, माझी मर्जी. मंदा आतून बाहेर आली आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, कारण तिला जे आठवलं ते मला आठवलं नव्हतं. बाबा गेल्यावर त्या शेतात तुझाही हिस्सा होता. तहसीलात बसून तू हक्कसोडीवर एका झटक्यात सही केलीस, शाई वाळायच्या आत पेन माझ्या खिशाला लावलंस आणि म्हणालीस, चल, भजे खाऊ. त्या दिवशीही नाही आणि या उन्हाळ्यातही नाही, तू ते एका शब्दानं काढलं नाहीस. 'माझा धुरा' हे मी तुझ्यासमोर म्हणालो, बाई. तुझ्यासमोर.

जाताना तू एक कागद ठेवून गेलीस. तुझ्या अक्षरात, एकच पान. धुऱ्यावरून पाणी जाऊ द्यायचा हक्क साती जणांनी एका माणसाच्या हाती द्यायचा. पाण्याच्या वाटेत येतात तेवढेच धुरे यात. मागेल त्याला सारखाच नियम, तोंड पाहून नाही. पाट उपसायचे दिवस कुणाचे किती, गाळ कुणाला. खाली सात रेघा. मी तो तिकीट मशीनच्या बॅगेत टाकला आणि पावसाळाभर आरमोरी-चंद्रपूर फिरवला. त्या कागदाचा प्रवास बराच झाला, सही मात्र झाली नाही.

भादव्यात पावसानं तोंड फिरवलं, ते दसरा उलटला तरी पाऊस नाही. रेवनाथचं धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला आलेलं. माझी सुट्टी होती, मी ओसरीवर बसून त्याला गावात फिरताना पाहत होतो. तो सकाळी एकाच्या दारी गेला; त्यानं सांगितलं म्हणे, तुझी बैलबंडी आठ दिवस शेण वाहायला दे, मग बघू. दुसऱ्यानं सांगितलं, ग्रामपंचायतीत माझ्या बाजूनं बोल. तिसरा म्हणाला, वरच्यानं दिलं तर मी देतो; वरचा म्हणाला, खालच्यानं दिलं तर. एका शेताला पाणी न्यायला त्या माणसाला सात मालकांच्या सात मर्ज्या विकत घ्याव्या लागत होत्या. तू जे ऑफिसात बसून पाहत होतीस ते माझ्या ओसरीवरून दिसत होतं. तरी मी उठलो नाही, हे लिहून ठेवतो.

दुपारी तो माझ्याकडे आला. खाली बसला. मंदानं पाणी दिलं, ते प्याला. बांधीच्या पाण्याबद्दल चकार शब्द नाही. पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मी चुकलो. वाघच होता तो. माह्या ध्यानात नव्हतं."

बाई, माझ्या गोष्टीला आजवर इतकी दाद कुणी दिली नसेल. आणि ती मला नको होती. इतरांनी त्याची बैलबंडी मागितली, तोंड मागितलं. मी काहीच मागितलं नव्हतं. पण माझा भाव काय आहे हे त्याला न सांगता कळलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं वासरू तो माझ्या पायाशी आणून वाघ म्हणून ठेवत होता, दोन बांध्या पाण्यासाठी. तू म्हणायचीस की एक खिडकी आणि एक जाहीर दर असला की काम सोपं होतं. सोपं म्हणजे वेळ वाचतो, एवढंच मला कळलं होतं. मागणाऱ्याची मानही वाचते, हे त्या दुपारी कळलं.

बॅगेतून कागद काढला. घडीवर फाटला होता. सही केली आणि रेवनाथला तिथेच बसवून मी बाकीची सहा घरं फिरलो. मधला धुरा आल्यावर बाकीच्यांना सांगायला कारण उरलं नाही. एकानं कुरकुर केली, त्याला मी म्हणालो, तिकीट सगळ्यांना सारखं, पुढे सरका. कुदळ डोमाजीकाकांच्या सुनेच्या हाती द्यायची ठरली. माझ्या धुऱ्यावरचा घाव मात्र मी मागून घेतला. पाणी माझ्या बांधीत आलं, जरा थबकलं आणि खाली उतरलं. रेवनाथच्या बांधीला लागलं तेव्हा ऊन कलत होतं. तो वाकून पाण्यात हात बुडवून राहिला.

मंदा घरी आल्या आल्या म्हणाली, "बाईले फोन करा आत्ताच."

आणि मी म्हणालो, "अशी गोष्ट फोनवर वाया जाते."

दिवाळीला तू येणार होतीस. ओसरी भरलेली असेल, मी खाकरीन, सात घरं सात आवाजांत सांगीन, तुझा कागद शर्टातून हळूच काढीन. कुठे थांबायचं आणि कुठे पाणी प्यायचं हे सगळं ठरवलं होतं. बसमध्ये दोन थांब्यांच्या मधे मनातल्या मनात घोकत होतो. चौथ्या दिवशी तूच फोन केलास आणि विचारलंस, आणि मी गोष्ट वाचवायला 'पाहू' म्हणालो. पुढच्या आठवड्यात तुझ्या ऑफिसातून फोन आला. छातीत दुखतंय म्हणालीस म्हणे, आणि दवाखान्यात पोचायच्या आतच गेलीस. दिवाळी सुतकात गेली.

तेरवीला तुझ्या ऑफिसातल्या एक मॅडम आल्या होत्या. मी ओळख सांगितली तर एकदम म्हणाल्या, "म्हणजे मधल्या धुऱ्याचे भाऊ तुम्हीच का?" मला कळेना. तर म्हणे ऑफिसात नव्यानं आलेल्यांना शिकवताना तू फळ्यावर आपला तलाव काढायचीस. सात बांध्या, आणि मधल्या धुऱ्यावर एक टोपीवाला माणूस. गाठोड्यात न येणारा मालक म्हणजे काय, तर हा. तीस वर्षं मी तुझ्यावर गोष्टी सांगितल्या, बाई, आणि तिकडे तुझ्या गोष्टीत मी होतो. मुलं विचारायची, मग या भावानं पुढे दिलं का पाणी? त्यावर तू म्हणायचीस, "देईल. त्याला फक्त सांगण्यासारखं काही मिळू दे."

त्या मॅडमनीही तेच विचारलं. "मग, दिलं का?" मी मान डोलावली. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, तिला सांगितलंत ना? मंदा शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, भांडी उचलायला गेली.

जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, पुर्शाभाऊ, बाईची आठवण म्हणून ती वाघाची सांगा. रेवनाथ समोरच्या पंगतीत होता. त्यानं मान खाली घातली. मी म्हणालो, आज नको. मग मात्र उठून त्याच्याजवळ गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वासरूच होतं रेवनाथ. तुमचंच."

त्याला एवढंच सांगितलं. उरलेलं त्याला माहीत नाही. ते तुला आणि मला.

झुडपात पिवळं अंग हललं आणि मी पळालो. सायकल टाकली, तुला टाकलं, आणि पळालो. शिवेवरच्या मोहाच्या झाडापर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तू ती जड सायकल हातात धरून, चेन पडलेली, एकटी चालत आलीस. अंगणात सारे जमले होते, मला विचारत होते, बाई कुठी हाये? माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. तू फाटकातून आत आलीस, सायकल भिंतीला लावलीस आणि बाबांना म्हणालीस, "वाघ दिसला. पुर्शा होता म्हणून आली."

वाघ तू आणलास, बाई. माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट माझी नव्हतीच, तुझी होती. तू ती मला देऊन टाकलीस, शेतातल्या हिश्श्यासारखीच, आणि मी जन्मभर ती वापरत राहिलो. तुला एकदाही विचारलं नाही. तू एकदाही मागितलं नाहीस. उलट त्या मांडवात, जेव्हा ती माझ्या हातून निसटत होती, तेव्हा उचलून पुन्हा माझ्याच हातात दिलीस.

काल धुऱ्यावर गेलो होतो. रेवनाथचं धान पिवळं पडलं आहे, आठवड्यात कापणी. माझ्या धुऱ्यावर जिथे घाव घातला तिथली माती लिंपलेली आहे, पण रंगानं अजून वेगळी दिसते. तिथे उभं राहून तुझा नंबर लावला. का लावला माहीत नाही. वाजत राहिला.

तुझा प्रश्न तसाच पडून आहे, म्हणून उत्तर देतो. यात कुठे थांबत नाही आणि कुठे पाणी पीत नाही.

हो बाई. सोडलं.